उलट्या बाजूचं रीडिंग

माझ्याकडे सरांचं एक काम बाकी होतं आणि ते करायची वेळ येऊच नये असं मला मनापासून वाटायचं. काम असं होतं, की सर गेल्यावर त्यांच्या शोकसभेत उभं राहायचं आणि त्यांच्याविषयी वाईट बोलायचं.

काम त्यांनीच दिलेलं. आमच्या भौतिकशास्त्र विभागातले एक निवृत्त प्राध्यापक वारले होते आणि त्यांच्या शोकसभेहून मी सरांच्या स्कूटरवर मागे बसून परत येत होते. सभेत एकेक वक्ता उठला आणि गेलेल्या गृहस्थांना मृदू, मनमिळाऊ, ऋषितुल्य म्हणून खाली बसला. प्रत्यक्षात गृहस्थ इतके तापट, की त्यांची सही घ्यायला जाणारा शिपाई आधी दाराला कान लावून अंदाज घ्यायचा. मकाई दरवाजाच्या अलीकडे सरांनी स्कूटर कडेला घेतली, बंद केली आणि मागे न बघताच बोलू लागले.

“हे रीडिंग एकाच बाजूचं झालं. चुंबक कुणी उलटा केलाच नाय.”

“सर, शोकसभेत वाईट कोण बोलतं?”

“म्हणून तर तिथं माणूस दिसत नाय, नुसता हार दिसतो. माझ्या वेळी तू बोलायचं. स्तुती करायला लई जण येतील. उलट्या बाजूचं रीडिंग तुझं.”

मी हसले. सर हसले नाहीत.

“आणि सरांनी सांगितलं म्हणून बोलते, असं म्हणायचं नाय. तसं म्हटलं की तीबी स्तुतीच होते. लोक म्हणतात, वा, काय मोठा माणूस. मग रीडिंग बाद. दे शब्द.”

मी दिला. सर तेव्हा ठणठणीत होते. ठणठणीत माणसाला असला शब्द द्यायला काही वाटत नाही.

“आणि जरा जोरात बोल,” किक मारत ते म्हणाले. “तुझा सिग्नल नॅनोव्होल्टातला आहे. मागच्या रांगेपर्यंत पोचत नाय.”

चुंबक उलटा करणं म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, नाहीतर सर कळणार नाहीत. मी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी आले तेव्हा फुलंब्रीकडच्या आमच्या गावाहून बाबा मला सोडायला आले होते. बाबांचा जन्म शेतीत गेला. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी विचारलं, “साहेब, ही नेमकं काय करणार म्हणायची इथं?”

आमच्या विषयाचं नाव ‘टोपोलॉजिकल सेमीमेटल’. दुसऱ्या कुणी ते नाव सांगून बाबांना वाटेला लावलं असतं. सरांनी विचारलं, “ज्वारी पेरता का?”

“व्हय.”

“वारा सुटला की पिकावरनं लाट जाते. ज्वारीचं ताट जागा सोडतं का?”

“नाय. जागीच डुलतं.”

“तसे धातूतले अणू. जागीच थरथरतेत, अन् त्या थरथरीच्या लाटेवर ऊन, म्हंजे उष्णता, एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जातं. आता पिकावरनं पाखरं उडतेत. ते इलेक्ट्रॉन. बाकीच्या धातूत पाखरं पोट भरल्यासारखी जड उडतेत. आमचे हे जे अर्धे धातू आहेत, त्यांत पाखराला वजनच नसतं. अन् हे वजन नसणं निरगाठीसारखं असतं. धातू जरा ओढा, ताणा, सुटत नाय.”

“अन् ते काय?” बाबांनी कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या लोखंडी धुडाकडे बोट केलं.

“तो चुंबक. आमचा तिवडा.”

बाबा एकदम मागे टेकून बसले. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. मळणीच्या वेळी बैल त्याच्याभोवती फिरवतात. सरांनी सांगितलं, की चुंबक लावला की सरळ जाणारं पाखरू तिवड्याला बांधल्यासारखं वळतं. मग एक टोक तापवलं, दुसरं गार ठेवलं, तर विजेचा रेटा पुढे लागतोच, पण आडवाही लागतो. तो आडवा रेटा तुमची मुलगी मोजणार.

“मोजून काय होणार?”

“ते अजून मलाबी नीटसं ठावं नाय.”

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “खरं बोलतो माणूस. राहा इथंच.” पुढे गावात कुणीही विचारलं, की ते सांगत, आमची पोरगी औरंगाबादला आडवी वीज मोजते. शहराचं नाव बदललं तरी त्यांच्या वाक्यात ते बदललं नाही, आणि आडव्या विजेचं पुढे काय झालं हे त्यांना कुणी विचारलं नाही.

आता मोजायची रीत. आमचे स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांना केसाहून बारीक तारा चिकटवायच्या, त्याही समोरासमोर. पण चिकटवणारा हात माणसाचा, तो जरा तिरका पडतोच. तार तिरकी पडली, की पुढचा रेटाही थोडा आडव्यात मिसळतो आणि आपण फसतो. त्यावर उपाय जुना आहे. एकदा मोजायचं, मग चुंबकाची दिशा उलटी करून पुन्हा मोजायचं. खरा आडवा रेटा चुंबकाबरोबर उलटतो. तिरक्या तारेची लबाडी उलटत नाही. एकातून दुसरं वजा केलं की लबाडी निघून जाते.

जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा असंच करतात. सरांचं वेगळेपण एवढंच, की ते घरी गेल्यावरही थांबत नसत.

चुंबकाच्या पाळीवरून विभागात दोन विद्यार्थ्यांचं भांडण झालं, की सर दोघांना खुर्च्या बदलायला लावत. “आता तू ह्याच्यासारखं भांड. अन् तू त्याच्यासारखं.” दोघंही आधी ओशाळत, मग एकमेकांच्या नकला करण्यात रंगत, आणि शेवटी कुणाची पाळी खरी होती ते दोघांनाही आठवत नसे. एकदा क्रांती चौकात हवालदाराने त्यांना हेल्मेट नाही म्हणून अडवलं. सर म्हणाले, “साहेब, उलटं करून बघू. मी तुमच्या जागी उभा राहतो.” आणि त्यांनी हवालदाराची बाजू इतकी नीट मांडली, डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बायकोपोरांचं असं वर्णन केलं, की हवालदार म्हणाला, “जाऊ द्या सर, निघा.” सर निघेनात. त्यांना स्वतःचा गुन्हा पटला होता. पावती फाडूनच ते हलले.

छावणीत त्यांचं भाड्याचं बैठं घर होतं. पुढच्या पडवीत वेताच्या दोन खुर्च्या; एक सरांची, एक त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची. त्या घरातला वादही खुर्च्या बदलूनच चाले. मी एकदा तिथे बसलेली असताना काकू सरांना म्हणाल्या, की तुम्ही माझ्या बहिणीकडे लग्नाला यायलाच हवं. सर म्हणाले की भट्टी चालू आहे, स्फटिक वाढतोय, जमणार नाही. मग उठले. काकू सरांच्या खुर्चीत, सर काकूंच्या. सरांनी खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा घेतला आणि काकूंच्याच सुरात म्हणाले, “वर्षात एकदा मी काही मागते, आणि तुमची ती भट्टी काय पळून जाणार आहे का हो?”

काकू सरांच्या खुर्चीत रेलून म्हणाल्या, “लई महत्त्वाचं काम आहे. तुला नाय कळायचं.”

“न कळायला काय झालं? कोथिंबिरीच्या डब्यात तुमचे धातू ठेवून घेते मी, तेव्हा बरं कळतं.”

काकूंना हसू आवरेना. लग्नाला सर गेले नाहीतच, पण का गेले नाहीत यावर त्या घरात परत भांडण झालं नाही.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक टोकाचा चिमटा असे. स्फटिक उचलायचा तो चिमटा, पण त्याने ते सगळंच उचलत. पोह्यातली मिरची, पुस्तकात चिरडलेली मुंगी, एकदा एका विद्यार्थिनीच्या पायातला बाभळीचा काटा. चिमटा धुतला का, असं कुणी विचारलं तर दुखावत. दुसऱ्यांचे डबे ते बिनदिक्कत खात. त्यातही भाकरीचा पापुद्रा चिमट्याने सोलून आधी उजेडात धरून बघत, मग खात. ज्याचा डबा असे तो उपाशी बघत राही.

प्रयोगशाळेत पंखा लावायची बंदी होती. सरांचा एक शब्द होता, उतार. पाणी उतारावरून वाहतं तसं ऊन वाहायला तापमानाचा उतार लागतो. एक टोक गरम, एक गार. आमचा सगळा खेळ त्या इवल्याशा दाण्यावरच्या इवल्याशा उतारावर चालत असे, आणि पंख्याचा वारा लागला की उपकरणाच्या तारांवर नको ते उतार तयार होतात. एप्रिल-मेमध्ये आम्ही डोक्यावर ओला रुमाल टाकून बसायचो. सर म्हणत, “उकडतंय म्हणजे काय, तर तू अन् खोली सारखे झालात. उतार संपला. त्यात तक्रार काय करायची?”

चहाच्या कपाशीही त्यांचं हेच चाले. संध्याकाळी पडवीत काकू चहा देत. सर कप दोन्ही तळव्यांत धरून बसत, पीत नसत. ऊन कपातून हातात कसं येतं ते त्यांना बघायचं असे. हे रोज बघत. थोड्या वेळाने काकू म्हणत, “प्या आता, निवला.” आणि सर म्हणत, “थांब गं, अजून उतार आहे.” उतार संपला, की पाण्यासारखा गार झालेला चहा एका घोटात पिऊन कप खाली ठेवत. आले-गेले त्यांच्याबरोबर गप्पा मारायला बसत आणि भिडेपोटी स्वतःचाही चहा गार करून घेत.

स्फटिक गोठवायला लिक्विड नायट्रोजन लागे. विभागाची गाडी बहुधा बिघडलेलीच असे, मग सर ते चिकलठाण्याहून शेअर रिक्षातून आणत. ॲल्युमिनियमचा गोल बुडाचा, लांब मानेचा कॅन दोन्ही गुडघ्यांत धरलेला आणि झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघतेय. तसलाच कॅन गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यात असतो; उत्तम जातीच्या वळूचं बीज त्यात गोठवून ठेवतात. त्यामुळे जालना रोडवरच्या रिक्षेत सर म्हणजे ढोरांचे डॉक्टर, यात कुणाला शंका नसे. एकदा मी बरोबर होते. रिक्षावाल्याने आरशातून वाफ बघितली.

“चाचा, धुआँ निकल रा. आग-बिग तो नै लगती ना?”

“थंडा है मियाँ. आग कैसी लगती?”

शेजारचा फेटेवाला म्हातारा पुढे झुकला. “डाक्टर, आमची म्हैस दोनदा भरवली, राहीना. काय करावं?”

मला वाटलं सर गैरसमज दूर करतील. सरांनी म्हशीचं वय विचारलं, खुराक विचारला, माजावर कधी आली होती ते विचारलं. मग म्हणाले, “तुम्ही घाई करता. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी न्या. अन् मिठाचा खडा ठेवा गव्हाणीत.”

उतरल्यावर मी म्हटलं, “सर, तुम्ही डॉक्टर नाही असं सांगायचं ना.”

“आहे की. पीएच.डी. हाय.” मग कॅन सावरत म्हणाले, “माझ्या बापाच्या म्हशी मीच न्यायचो. ते खोटं नाय सांगितलं.” पुढे तो म्हातारा एकदा विभागात पेढे घेऊन आला. कुणी सांगितला पत्ता कोण जाणे. विभागप्रमुखांना वाटलं सरांचा शोधनिबंध छापून आला.

अणूंची थरथर मोजायचं काम आणखी नाजूक. स्फटिकावर लेसरचा किरण टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशात थरथरीचा सूर शोधायचा, चुंबक वाढवत नेला की तो सूर किती सरकतो ते बघायचं. टेबल हललं की सगळं फुकट. सरांनी टेबलाच्या पायांखाली ट्रकच्या ट्यूबा हवा भरून ठेवल्या होत्या आणि दारावर पाटी होती: आत थरथर चालू आहे, पाय न वाजवता यावे. लग्नसराईत मागच्या रस्त्याने वरात आली, की ट्यूबांसकट टेबल नाचू लागे. एकदा सर तावातावाने वरात थांबवायला गेले. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून आम्ही गच्चीवरून पाहिलं. सर डीजेच्या गाडीजवळ उभे होते आणि स्पीकरच्या जाळीला तळवा लावून डोळे मिटून काहीतरी ऐकत होते. नवरदेव घोड्यावर ताटकळला होता.

ते परत आल्यावर आम्ही विचारलं, “काय झालं सर?”

“त्याला म्हटलं, आवाज हळूहळू वाढव, कुठल्या सुराला जाळी जास्त थरथरते बघू. पोरगं हुशार आहे. त्याला ठावं होतं.”

इतकं सगळं ऐकून कुणालाही वाटेल की असा गुरू मिळायला भाग्य लागतं. ही एका बाजूची रीडिंगं झाली.

दुसरी बाजू अशी. माझ्या चौथ्या वर्षी एका स्फटिकात आडवा रेटा प्रचंड आला. चुंबक उलटा केला की तो अगदी शिस्तीत उलटायचा. सर इतके खुश झाले की गुलमंडीवरून इमरती आणून सगळ्या विभागाला चिमट्याने वाटली. निबंध लिहिला, तो स्वीकारला गेला. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत सरांना व्याख्यानाचं बोलावणं आलं. माझी तर त्या निबंधावर एका नोकरीची मुलाखतही ठरली होती.

व्याख्यानाच्या आठवडाभर आधी सरांनी चुंबक पूर्ण बंद केला आणि मला म्हणाले, आता नेहमीसारखं सगळं कर. चुंबक बंद असताना आडवा रेटा शून्य यायला हवा. मी नेहमीसारखी चुंबकाच्या दिशेचा खटका खालीवर केला. रीडिंग प्रचंड आलं, आणि शिस्तीत उलटलं.

चूक फक्त आमच्याच घराण्यात होऊ शकेल अशी होती. दिशेचा खटका मी उलटा करत होते. आणि सर, बोलत बोलत शेजारी येऊन, मीटरची पिन काढून उलटी खोचत होते. वर्षानुवर्षांची सवय; उलटं करायचं म्हणजे त्यांच्या हाताला काहीतरी उलटं केल्याशिवाय राहवत नसे. त्यांना वाटे मी चुंबकाचं बघते, मीटरचं त्यांनी बघावं. मला ते कधी दिसलं नाही, कारण माझे डोळे खटक्यावर. सासूने आणि सुनेने दोघींनीही डाळीत मीठ घालावं तसं झालं. मीटरच उलटा केला, की जे मुळात उलटत नाही तेही उलटलेलं दिसतं. आमचा प्रचंड आडवा रेटा म्हणजे तिरकी तार होती.

सरांनी निबंध मागे घेतला. व्याख्यान रद्द केलं. विभागाच्या बैठकीत उभे राहून उजवा हात वर केला आणि म्हणाले, “चूक ह्या हाताची आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, इतका प्रामाणिकपणा बघून. माझी मुलाखत गेली. प्रबंधातलं एक प्रकरण गेलं आणि ते पुन्हा उभं करायला वर्ष गेलं. त्या वर्षात सरांनी मला एकदाही म्हटलं नाही की तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त एवढंच विचारलं, “नवी तार कधी चिकटवतेस?”

सर निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच, पडवीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी आता बजाजनगरला राहते, तिकडच्याच एका कॉलेजात शिकवते. विभागप्रमुखांचा फोन आला. “शोकसभेत विद्यार्थ्यांच्या वतीनं तुम्हीच बोला मॅडम. पाच मिनिटं. तुम्ही त्यांच्या लाडक्या.”

दिलेला शब्द मला सारखा आठवत राहिला. मोडला तर कुणाला कळणार होतं? ऐकायला ते नव्हते. पाळला तर पहिल्या रांगेत काकू असणार होत्या, नवऱ्याचं नुकतंच सगळं आटोपून आलेल्या. आणि हे सरांनीच सांगितलं होतं, एवढं म्हणायचीही मला मोकळीक नव्हती. मी दोन भाषणं तयार केली. एकात डोळ्यांत पाणी आणणारं सगळं होतं. व्यासपीठाकडे चालत जाईपर्यंत मी तेच करणार होते.

तिथे सरांचा फोटो होता. हार घातलेला, आणि हाराच्या फुलांमधून खिशातल्या चिमट्याचं टोक डोकावत होतं. माझ्याआधीचे वक्ते त्यांना मृदू आणि ऋषितुल्य म्हणून गेले होते. मला स्कूटर आठवली, मकाई दरवाजा आठवला.

“सर कुणाचं कौतुक करत नसत,” मी म्हटलं.

“मोठ्यानं,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“सर कुणाचं कौतुक करत नसत,” मी मोठ्याने म्हटलं. “दुसऱ्याचा डबा खाताना त्यांना दुसरा आठवत नसे. त्यांच्या हाताच्या एका सवयीपायी माझं एक वर्ष आणि एक नोकरी गेली. चूक त्यांनी सगळ्या विभागाला सांगितली, तुम्ही टाळ्या वाजवल्यात; मला ते काहीच म्हणाले नाहीत.”

विभागप्रमुख खुर्चीत पुढे सरकले. मला आता थांबता येईना.

“माझे बाबा दवाखान्यात होते, त्या सकाळी सरांचा फोन आला. व्हॅक्यूम पंप बंद केलास का, हे आधी विचारलं. संध्याकाळी भेटायला आले. खाटेशेजारी उभं राहून सलाईनच्या बाटलीला हात लावून पाहिला आणि हिचं तापमान किती असतं, असं नर्सला विचारलं. मग निघून गेले. बाबांना त्यांच्याशी ज्वारीवर बोलायचं होतं. सर येणार म्हणून त्यांनी दाढी करून घेतली होती. ते बोलणं राहून गेलं. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी कसं उभं राहायचं, हे सरांना शेवटपर्यंत जमलं नाही. माझं बोलणं संपलं.”

पहिल्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. विभागप्रमुख माइकपाशी येऊन म्हणाले, “मॅडम जरा भावनेच्या भरात...” आणि घाईघाईने पुढच्या वक्त्यांना बोलावलं. नंतरचे वक्ते सरांचे जुने सहकारी होते. त्यांनी खिशातून काढलेला कागद बघितला, परत घडी केला. “मला त्यांनी एकदा भर वर्गात खाली बसवलं होतं,” ते म्हणाले. “तिथनंच सुरुवात करतो.”

सभेनंतर काकू मला म्हणाल्या, “घरी चल.” एवढंच. रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. छावणीत शिरेपर्यंत मी माफीची वाक्यं जुळवत होते. पडवीत पोचल्यावर म्हटलं, “काकू, मी तिथं जे...”

“नॅनोव्होल्टात बोलू नको. आत्ता बोललीस ना चांगली?” त्यांनी दाराचं कुलूप काढलं. “माझ्याकडनंही घेतला होता शब्द.”

“कसला?”

“तोच. ती पोरगी लाजाळू आहे म्हणाले. ती नाय बोलली तर तू उठायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची ह्यांना, तुला काय सांगायचं?” त्या उंबऱ्यापाशी टेकल्या. “ते गेल्यापासून सगळे रडायला येतात, आणि मी मनात ह्यांच्या खोडी जुळवत बसलेय. कोथिंबिरीच्या डब्यावर थांबले होते. सगळ्या लोकांसमोर कसं बोलायचं ते? तू उठलीस, पहिलं वाक्य ऐकलं, आणि मला सुटल्यासारखं झालं बघ.”

“तुम्ही हसत होता तिथं?”

“आधी हसले.”

त्या चहा करायला आत गेल्या. पडवीत दोन खुर्च्या होत्या, मी उभीच राहिले. काकू दोन कप घेऊन आल्या, एक माझ्या हातात दिला आणि सरांच्या खुर्चीत बसल्या.

“माझ्या खुर्चीत बस.”

मी बसले. तिथून फाटक दिसत होतं, आणि समोर सरांची खुर्ची. इतकी वर्षं काकूंना संध्याकाळी एवढंच दिसत असणार. काकूंनी कप दोन्ही तळव्यांत धरला होता, ओठाला लावला नव्हता. रस्त्यावरून शाळेची मुलं गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाट बघत होत्या. मग माझ्या लक्षात आलं, की माझी पाळी आहे.

“प्या आता,” मी म्हटलं. “निवला.”

काकूंनी कप जरा जवळ घेतला.

“थांब गं,” त्या म्हणाल्या. “अजून उतार आहे.”